आजोबांच्या समाधानाची सरासरी

मी समाधान मोजतो. हा विनोद नाही, नोकरी आहे. आमची कंपनी लोकांना फोन करून विचारते, "आपण आपल्या नव्या कुकरच्या शिट्टीबद्दल कितपत समाधानी आहात? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अत्यंत." लोक जे बोलतात त्यातल्या शिव्या मी वगळतो आणि उरलेल्याची सरासरी काढतो. घरात या उद्योगाला कोणी नोकरी मानत नाही. पाहुण्यांनी विचारलं तर बाबा सांगतात, "कॉम्प्युटरमध्ये आहे." आई सांगते, "अजून बघतोय."

त्यामुळे आजोबांनी सगळ्यांसमोर माझ्यावर कामगिरी सोपवली तेव्हा माझी छाती फुगली. तिथेच सगळं चुकलं.

झालं असं, की घड्याळात सेल घालताना आजोबा स्टुलावरून पडले. हाड वाचलं, घड्याळ गेलं. डॉक्टर म्हणाले, यापुढे यांना दिवसा एकटं ठेवू नका. आता दिवसा आमच्याकडे असतं कोण? बाबा दुकानात, आई शाळेच्या ऑफिसात आणि मी शिट्ट्यांवर. सांभाळायला माणसं ठेवून पाहिली. पहिला आजोबांना झोपवायचा आणि त्यांच्या आधी स्वतः घोरायला लागायचा. दुसऱ्याला आजोबांनीच काढून टाकलं, कारण तो तोंडातून अक्षर काढत नसे. "भिंतीला पगार कशाला द्यायचा?" असं त्यांचं म्हणणं.

मग एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मला वृद्धाश्रमात टाका."

बाबांचा घास घशात अडकला. "अहो, लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिवसा इथे येऊन बसायला सांग. मग मी जात नाही."

आई उगाचच पाण्याचा तांब्या भरायला उठली. तो भरलेलाच होता.

"पण एक अट आहे," आजोबा म्हणाले. "जागा झकपक नसली तरी चालेल. तिथली माणसं खूश पाहिजेत. उरलेले दिवस तोंडं पाडून बसलेल्या म्हाताऱ्यांत मला काढायचे नाहीत. हा पोरगा शोधेल. समाधान मोजायचाच पगार घेतो ना?"

दुसऱ्या दिवशी दूधवाला यायच्या आत बातमी जिनाभर झाली. समोरचे बँकवाले काका, जे निवृत्त झाल्यापासून आमच्या घराचे विनावेतन सल्लागार आहेत, त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "बाळ, मालकी बघायची. खासगी म्हणजे मालकाला गिऱ्हाईक टिकवायचं असतं. तिथे म्हाताऱ्यांना फुलासारखं जपतात." वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "काही ऐकू नकोस त्यांचं! सरकारीच बघ. नोकरी कायम असली की माणसाला माया सुचते. मला बघ." मी बाईंच्या वर्गात होतो. त्यांना सुचलेली माया माझ्या तळहातांच्या अजून लक्षात आहे. इतक्यात सोसायटीचे सेक्रेटरी कचऱ्याची बादली घेऊन आले आणि ट्रस्ट सोडून दुसरीकडे बघूच नकोस म्हणाले, कारण तिथे सेवाभाव असतो. तिघांपैकी एकानेही वृद्धाश्रम आतून पाहिलेला नव्हता, त्यामुळे मतं अगदी ठाम होती.

मी शास्त्रीय माणूस. ठरवलं, एक खासगी, एक ट्रस्टचा, एक सरकारी असे तिन्ही बघायचे. मालकी कोणाची, पैसा कुठून येतो आणि समाधान किती, याचा तक्ता करायचा. ऑफिसातली कुकरची प्रश्नावली घरी आणली आणि 'कुकर' असेल तिथे 'वृद्धाश्रम' घातलं. घाईत शेवटचा प्रश्न तपासायचा राहिला. तो होता, 'वापरताना आपल्याला कधी भाजलं का?'

खासगी वृद्धाश्रमाच्या दारात कारंजं होतं. आत इतका सुगंध, की मी हळूच स्वतःचा वास घेऊन पाहिला. व्यवस्थापक मॅडम प्रत्येक वाक्य हसून सुरू करायच्या आणि हसूनच संपवायच्या. "आम्ही यांना वृद्ध म्हणत नाही हं. ज्येष्ठ पाहुणे म्हणतो." पाहुणे शेवटी जातात तेव्हा त्याला काय म्हणता, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. गिळला.

ज्येष्ठ पाहुणे ओळीने आरामखुर्च्यांत बसले होते. मी प्रश्नावली काढली.

"जेवणाबद्दल?"

"पाच."

"सोबतच्या मंडळींबद्दल?"

"पाच."

"वापरताना भाजलं का?"

"पाच."

एकजात सगळ्यांनी पाच दिले. एका आजोबांनी तर मी तोंड उघडायच्या आत पंजा वर केला. माझ्या नोकरीत एवढं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात मॅडमना फोन आला म्हणून त्या बाजूला गेल्या, तशी विणकाम करणाऱ्या एका आजींनी माझी बाही ओढली.

"लिहिलेस ना पाच?"

"लिहिले. पण आजी, खरं सांगा ना."

"खरं सांगायला मी काय वेडी आहे? मागे एकदा मी जेवणाला चार दिले. संध्याकाळी इथून माझ्या मुलाला फोन. 'आपल्या मातोश्री एका गुणाने असमाधानी आहेत.' तो बिचारा तिकडे परदेशात, मीटिंग सोडून रडकुंडीला आला. मग सुनेचा फोन. मग मुलीचा, की दादाने आईकडे दुर्लक्ष केलं. त्यावरून भावाबहिणीत अबोला. अरे, भाजीत मीठ कमी होतं, एवढंच! एवढा पैसा ओततोय पोरगा, त्याला शांत झोप लागायला नको? म्हणून पाच. इथे सगळ्यांचं असंच आहे." त्यांनी सुई पुन्हा चालू केली. "लोकांना वाटतं, मुलांनी आम्हाला इथे सांभाळायला ठेवलंय. सांभाळतोय आम्हीच."

घरी येऊन हे आजोबांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे पैसे तुझ्या बापाने भरायचे आणि वर त्याला धीर मी द्यायचा. तो मी घरबसल्या देतोय की."

ट्रस्टच्या वृद्धाश्रमात बँकवाले काका बरोबर आले. अनुभवी माणूस सोबत हवा, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी कोट घातला आणि माझ्या गळ्यात ऑफिसचा टाय होता. हा पोशाख आम्हाला भोवला. फाटकातच ट्रस्टचे अध्यक्ष हात पसरून पुढे आले. "या, या! आम्ही वाटच बघत होतो!" ते सगळ्यांचीच वाट बघतात हे मला नंतर कळलं. काही समजायच्या आत आमच्या हातात फुलांचे गुच्छ आले आणि आम्ही व्यासपीठावर बसलो. माझ्या खुर्चीच्या पाठीला कुणाच्या तरी स्मरणार्थ पितळी पाटी ठोकली होती. पंख्यावर पाटी, कपाटावर पाटी, पाण्याच्या पिंपावर पाटी. भिंतीवरचा आरसा इतक्या दात्यांनी मिळून दिला होता, की त्यांची नावं मावल्यावर तोंड बघायला हनुवटीपुरती जागा उरली होती.

समोर पहिली रांग व्हीलचेअरची. टाळ्या चालू असताना मी खाली उतरलो आणि एका काटक काकांपाशी बसून प्रश्नावली काढली.

"समाधानी? कशाबद्दल?" काका कुजबुजले. "ब्लँकेटांबद्दल पाच लिहा. ब्लँकेटं अंगावर आहेत, अंगाखाली आहेत, खिडक्यांना पडदे म्हणून तीच आहेत. नेलकटर सगळ्यांत मिळून एक. माझा नंबर यायला वेळ आहे." त्यांनी नखं दाखवली. मी थोडा मागे सरकलो.

"मग मागा ना."

"मागितलं. अध्यक्ष म्हणतात, नेलकटर देताना फोटो चांगला येत नाही."

"आणि पायांना काय झालं तुमच्या?"

"पायांना? काही नाही. रोज सकाळी टेकडी चढतो. दाते आले की खुर्चीत बसायचं, असा इथला रिवाज आहे. उभा म्हातारा बघितला की देणाऱ्याचा हात आखडतो."

इतक्यात ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "आता आपले तरुण पाहुणे आपली देणगी जाहीर करतील!" मी बँकवाल्या काकांकडे पाहिलं. त्यांना नेमकी त्याच वेळी बुटाची नाडी सापडली होती. सभागृह माझ्याकडे बघत होतं. माझं डोकं पूर्ण रिकामं झालं आणि त्यात एकच वस्तू उरली.

"नेलकटर," मी म्हणालो. "प्रत्येकाला एक."

मग व्हीलचेअरच्या रांगेतून असा काही जल्लोष उठला, की बोलायची सोय नाही. अर्धी रांग उठून उभी राहिली. एकाने तर आनंदाने उडी मारली. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली केला आणि अध्यक्षांचं तोंड आरशातल्या हनुवटीएवढं झालं. बाहेर पडताना आमच्याकडून गुच्छ परत घेण्यात आले. फाटकाबाहेर बँकवाले काका म्हणाले, "बाळ, मोठ्या सभेत मी सांगितल्याशिवाय तोंड उघडत जाऊ नकोस." नेलकटर मी नंतर नेऊन दिले. माझ्या नावाची पाटी कुठेही लागलेली नाही. मी पाहून आलो.

राहिला सरकारी. तिथे आत जायला आधी कचेरीतून परवानगी लागते. खिडकीतल्या कारकुनाने माझा अर्ज लांब धरून वाचला. "'रहिवासी समाधानी आहेत का हे विचारण्याची परवानगी.' समाधानी असतील तर विचारता कशाला?"

"नसले तर?"

"नसले तर विचारायची परवानगी कोण देईल?"

त्याला दया आली असावी. "'समाधान' खोडा, 'पाहणी' लिहा. पाहणीतून काही निघत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. लगेच मिळेल." शिक्का बसला.

या खेपेला आजोबा स्वतः आले. सरकारी वृद्धाश्रमात भिंती हिरव्या, खाटा हिरव्या, बादल्या हिरव्या. एकाच वेळी रंग आला असणार. मोठ्या दालनात म्हातारी मंडळी बसली होती आणि सगळ्यांच्या मध्ये एक किरकोळ बांध्याच्या बाई होत्या. त्यांना सगळे अध्यक्षबाई म्हणत. निवडून कोणी दिलं नव्हतं, पण विरोधात उभं राहायची कोणाची छाती नव्हती.

"एक म्हणजे अजिबात नाही," मी सुरुवात केली.

"एकच्या खाली काय आहे?" अध्यक्षबाई.

"काही नाही."

"मग कागद बदलून आण."

महिन्याभरापासून बोळातली ट्यूब लुकलुकत होती. गरम पाण्याचा बंब गरम सोडून सगळं करत होता. आणि मुख्य तक्रार अशी, की तक्रार ऐकायला माणूसच नाही. अधीक्षकांकडे आणखी दोन संस्था होत्या, ते इथे क्वचित उगवत. "खासगीत निदान मालक असतो, त्याच्या अंगावर ओरडता येतं," अध्यक्षबाई कडाडल्या. "आम्ही ओरडायचं कोणाच्या अंगावर? भिंतीच्या?"

कोपऱ्यात बसलेल्या आजोबांनी घसा साफ केला. इथे सांगायला हवं, की आजोबांनी उभी नोकरी वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीत काढली आहे.

"ट्यूबचा अर्ज दिलाय का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कोण?"

"ते सोडा. अर्ज दिलाय का?"

"दिलाय!"

"मग लाईनमन आला की बघू."

मग सगळ्या खाटा एकदम करकरल्या.

"लाईनमन कधी येणार?"

"साहित्य आलं की."

"साहित्य कधी येणार?"

"वर कळवलंय."

"वर म्हणजे कुठे वर? कोण बसलंय वर?" अध्यक्षबाई उभ्याच राहिल्या. त्यांचे डोळे चमकत होते. एक काका काठी आपटत पुढे आले आणि त्यांनी बंबाची कैफियत अगदी सुरुवातीपासून मांडली. आजोबा मान डोलवत होते, अधूनमधून "आपली भावना समजते" म्हणत होते आणि प्रत्येक वेळी खोलीत नवा भडका उडत होता. परवानगीची वेळ संपल्यावर मला त्यांना अक्षरशः ओढून बाहेर काढावं लागलं. त्यांचे कान लाल झाले होते. त्या आश्रमाची सरासरी एकच्या वर गेली नाही. आमच्या कंपनीच्या इतिहासात एवढी कमी सरासरी फक्त एका मिक्सरला मिळाली आहे, आणि तो हातात फुटायचा.

मी तक्ता भिंतीवर लावला. खासगीला पाच, ट्रस्टला ब्लँकेटांमुळे चार, सरकारीला एक. बँकवाले काका म्हणाले, "बघ! पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

आजोबा म्हणाले, "मला एकवाल्यात टाका."

बाबांनी डोक्याला हात लावला. मला वेगळीच चिंता लागली. आजोबांचं बरोबर असेल, तर मी आजवर मोजलेल्या कुकरांचं काय? पाच देणाऱ्या त्या बायका कोणाच्या झोपेसाठी देत होत्या?

मी पुन्हा खिडकीत गेलो. कारकुनाने विचारलं, "यांना मुलगा आहे?"

"आहे."

"सून? नातू?"

"आहेत. नातू मीच."

"मग कसं जमेल? इथे निराधारांनाच घेतात. घरचे सांभाळू शकत नाहीत, असं चौकशीत निघालं तर बघू. आमच्या मॅडम घरी येतील."

म्हणजे आता आम्ही नालायक आहोत हे आम्हालाच सिद्ध करायचं होतं. आदल्या दिवशी घरात तालीम झाली. बाबांनी "आम्हाला वडिलांकडे बघायला वेळ नाही" हे वाक्य पाठ केलं. ते म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे, म्हणून मी त्यांना खिडकीकडे तोंड करून म्हणायला सांगितलं. आई म्हणाली, "येऊ दे. पाण्याचा थेंब विचारणार नाही मी." आजोबांना जुना सदरा घातला आणि केस विस्कटून ठेवले.

मॅडम आल्या. जिने चढून दमल्या होत्या. आईने दार उघडलं आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई! केवढ्या घामाघूम झालात! बसा आधी." तिथेच खटला निकालात निघाला. पाणी आलं, चहा आला, पाठोपाठ गरम काहीतरी गोड आलं. पुन्हा वाढ झाली. बाबांनी खिडकीकडे तोंड करून वाक्य म्हटलं, पण म्हणता म्हणता त्यांचा हात आजोबांच्या पाठीमागे उशी सरकवत होता. मध्येच आईने जाता जाता आजोबांचे केस नीट केले. तेवढ्यात बँकवाले काका साक्ष द्यायला हजर. "मॅडम, सोन्यासारखं कुटुंब आहे!"

"काका!" मी ओरडलो.

"मी खोटं बोलणार नाही, बाळ. बँकेत होतो."

आता सगळी भिस्त माझ्यावर. मी पुढे झालो. "मॅडम, मी तरी यांच्या काही कामाचा नाही. मला चहासुद्धा येत नाही. माझ्या नोकरीला नोकरी म्हणत नाहीत. माझ्यावर विसंबून कोणाला ठेवावं असा मी माणूसच नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "ते ठीक आहे. ते दिसतंय."

सबंध चौकशीत आमचं हे एकच म्हणणं त्यांनी पुराव्याशिवाय मान्य केलं. मग त्यांनी शेरा लिहून मोठ्याने वाचला, "वृद्ध व्यक्ती घरी सुखात. नातू निरुपयोगी, परंतु निरुपद्रवी. अर्ज नामंजूर." जाताना आईने त्यांना डबा भरून दिला.

त्या दिवसापासून आजोबा बोलेनासे झाले. आई सुट्टी घेऊन घरी बसली, मग बाबा बसले. पण सुट्ट्या काही कारंज्यासारख्या उसळत नाहीत. आजोबा खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "बरा आहे." मी समाधान मोजणारा माणूस. ते 'बरा आहे' ऐकलं आणि मला सुगंधी दालनातले ते सगळे पाच आठवले.

सुट्ट्या संपल्या त्या सकाळी मी निघालो तर आजोबा दारात. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात बूट.

"चल. जाता जाता मला तिकडे सोड."

"आजोबा, अर्ज नामंजूर झालाय."

"राहायचा झालाय. भांडायचा झालेला नाही. ट्यूबचं उत्तर अर्धवट राहिलंय माझं."

फाटकात वॉचमनने अडवलं. "कोणाला भेटायचंय?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढं भांडण झालं, पण नाव कोणाचंच विचारलं नव्हतं. तेवढ्यात आतून आवाज कडाडला, "माझ्याकडे आलेत! सोड त्यांना. भाऊ आहे माझा!"

"अध्यक्षबाई, इतकी वर्षं तुमच्याकडे कोणी फिरकलं नाही. आज भाऊ कुठून आला?"

"रुसला होता!" आणि मग आजोबांना, "ये रे, ये. साहित्य आलं का?"

"वर कळवलंय," म्हणत आजोबा आत गेले. संध्याकाळी त्यांना आणायला गेलो तेव्हा त्यांचा घसा बसला होता. रात्री त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

तेव्हापासून हेच चाललंय. मी ऑफिसला जाताना सोडतो, येताना आणतो. घरी दिवसा कोणी नसतं, पण एकटंही कोणी नसतं. बाबांनी लोकांना सांगायला "आश्रमात सल्लागार आहेत" असं वाक्य बसवलंय, बँकवाले काका त्यावर नाराज आहेत. फक्त अध्यक्षबाईंनी रोज भाऊ म्हणून आजोबांना अडकवून ठेवणं बाकीच्यांना पटलं नाही. त्यावर आवाज चढले आणि ठरलं, की आळीपाळीने. आता आजोबा एका दिवशी कोणाचे चुलतभाऊ असतात, दुसऱ्या दिवशी कोणाचे व्याही. काठीवाल्या काकांनी त्यांना मुद्दाम "माझा जुना वैरी" म्हणून आत घेतलं. कोपऱ्यातल्या खाटेवर एक काका आहेत, ते कधीच काही बोलत नाहीत. माझ्या प्रश्नावलीलाही त्यांनी नुसती मान हलवली होती. परवा त्यांनी आजोबांना बाजूला घेऊन विचारलं म्हणे, की मेहुण्याची जागा अजून मोकळी आहे का.

काल माझं ऑफिस लवकर सुटलं, म्हणून दुपारीच तिकडे गेलो. वॉचमनने अडवलं.

"कोणाकडे?"

"आजोबांकडे. ते आत आहेत ना."

"ते इथले नाहीत. ते स्वतःच भेटायला आलेत. भेटायला आलेल्याला भेटायला सोडत नाही आम्ही." आणि त्याने मला स्टूल दिलं. "बसा. वेळ झाली की येतील."

मी बसलो. आत कोणीतरी ओरडलं, "कधी येणार?" आणि त्यावर हशा उसळला. त्यात आजोबांचा आवाज सगळ्यांत वरचा होता. मधूनच एक दबका, वापरात नसलेला आवाज ऐकू आला, "माझ्या मेहुण्याला बोलू द्या रे."

वॉचमनने कान टवकारले. "बोलले! कोपऱ्यातले काका बोलले!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचे खरे कोण लागतात हो हे?"

"आज कोणीच नाही," मी म्हणालो. "माझी पाळी रविवारी."